बॅचलरची बायको

१६ फेब्रुवारी, रविवार. अबू हलीफा.

सुयोगने ही डायरी मुंबईच्या विमानतळावर माझ्या हातात कोंबली. म्हणाला, "आई, तिकडे तुला बोलायला कुणी मिळणार नाही, हिच्याशी बोल." पुण्यात नोकरीला लागल्यापासून पोरगं फार शहाणं झालं आहे. बोलायला कुणी नाही म्हणजे काय, मी त्याच्या बाबांकडेच तर चालले होते. चोवीस वर्षं हे कुवेतला आहेत आणि मी पहिल्यांदा आले, तेही महिन्याच्या व्हिसावर. पण पोराचं म्हणणं खरं ठरायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

हे शर्क भागातल्या उंच इमारतींचे एसी आणि पाण्याचे पंप सांभाळतात. इतकी वर्षं मंगफला चार-पाच जणांबरोबर रूमवर राहात होते. तिथे बायकोला नेता येत नाही, म्हणून महिन्यापुरती नाझियाच्या फ्लॅटमधली एक खोली घेतली आहे. नाझिया आणि तिचा नवरा इद्रीस श्रीवर्धनकडचे. इद्रीसचा इथे खालीच बकाला आहे, म्हणजे आपलं वाणसामानाचं दुकान. माणसं चांगली आहेत. पण नाझिया मला ओट्याजवळ उभंसुद्धा राहू देत नाही. भांडं विसळायला घेतलं की हातातून काढून घेते. "तुमी बसा ना भाबी, मी हाय ना." सकाळचा चहा हे करतात. मी पलंगावर बसून पिते आणि भिंतीकडे बघते. गावात आमच्या बचत गटाचं माझ्याशिवाय पान हलत नाही आणि इथे माझ्या हाताला चमचा लागत नाही.

आता मुख्य गोष्ट लिहिते, नाहीतर झोप येणार नाही. आज खाली इमारतीचा हारिस भेटला. हारिस म्हणजे वॉचमन. त्याने माझ्याकडे बघून यांना विचारलं, "फॅमिली?" त्यावर हे दात काढून काय म्हणाले, तर "नहीं भाई, मैं तो बॅचलर हूँ. ये एक महिने के लिए आयी है."

मी बाजूला उभी. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू. आणि हा माणूस परक्यापुढे स्वतःला बॅचलर म्हणवतो. लिफ्टमध्ये मी यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. यांच्या ते लक्षातही आलं नाही, शीळ घालत होते. वर आले तर नाझिया फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आमचे पुंडलिकभाय गो, ते बॅचलर, मंगफवाले." म्हणजे सगळ्या वस्तीत तसंच सांगून ठेवलं आहे.

विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. विचारलं की माणूस सावध होतो. पकडायचं.

मी इथे फिरायला आलेले नाही, यांना कायमचं घरी न्यायला आले आहे. यांना सत्तावन्न पूर्ण झाली. कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, विचारतो आहे की अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणखी दोन वर्षं वाढवायचा का. मी विचारलं की हे म्हणतात "बघू". घरी कसली कमी आहे? स्लॅब टाकून वर यांच्यासाठी वेगळी खोली बांधून घेतली. टीव्ही, आरामखुर्ची, जोडून न्हाणीघर. दर मे महिन्यात येतात तेव्हा मी यांना देवासारखं बसवून ठेवते, काडी हलवू देत नाही. एवढं सुख सोडून माणूस "बघू" म्हणतो याचा अर्थ काय, ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे बोलतात. माझा नवरा बोलतो. मला आजवर माहीत नव्हतं.

काल जेवताना इद्रीस सहज म्हणाला, "पुंडलिकभाय, ते गुलाबी अजून हायत म्हणं जहराकडं." आणि यांची टकळी सुरू झाली. ते गुलाबी म्हणजे रोहित पक्षी. ते कसे मान उलटी करून खातात, त्यांची पिल्लं कशी राखाडी असतात, त्यांचा गुडघा उलटा वाकतो असं लोक म्हणतात पण तो गुडघा नव्हेच. "ती टाच आसा टाच," हे हातातला खुबूस, म्हणजे इथली रोटी, हवेत वाकवून दाखवत होते. आमटी थंड झाली तरी थांबेनात. नाझिया हसत होती, तिला हे सगळं पाठ होतं. तिने मध्येच विचारलंसुद्धा, "आणि तो तुमचा सायब दिसला का परत?" सायब म्हणजे कोण, तर एक बगळा. हात पाठीमागे बांधून साइटवर फिरणाऱ्या साहेबासारखा चालतो म्हणून यांनी ठेवलेलं नाव. वाळूत पळत जाऊन मध्येच थबकणारा एक बारका पक्षी आहे, तो "इसारलेलो". एका पायावर उभा राहतो तो "लंगडो".

चोवीस वर्षं मला फोन येतो तो असा: "जेवलंस? पाऊस पडलो? सुयोगाचो फोन इल्लो? बरा मगे, ठेवतंय." एवढंच. मला वाटायचं माणूस अबोल आहे, स्वभावच तसा. अबोल कसला. साहेब आणि विसरलेला आणि लंगडा यांच्याबद्दल दुसऱ्याच्या बायकोला वर्षानुवर्षं सांगत आला आहे.

खोलीत आल्यावर म्हटलं, "ह्या पाखरांचा माका कधी सांगलास नाय ता?"

"तुका काय सांगू? पाखरा ती. तू कामात आसतंस."

कपाटावरून एक दुर्बीण काढून पुसत बसले. चष्मा पुसावा तशी. ही दुर्बीणसुद्धा मी पहिल्यांदाच बघितली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सुट्टी. हे आणि इद्रीस उजाडायच्या आत समुद्रावर गेले. मला म्हणाले, "येतंस?" ज्या सुरात पाहुण्याला आणखी भात वाढू का विचारतात त्या सुरात. मी म्हटलं डोकं दुखतं.

खिडकीतून बघितलं. खाली गाडी आली, चालवायला बाई. हे मागे बसले, एवढं बरं. नाझियाला विचारलं तर म्हणाली, "ती असमा. नर्स हाय, महाडची. दर शुक्कारी जातात तिघं. तिच्याकडं कॅमेरा हाय मोठा." कॅमेऱ्याची लांबी तिने हाताने दाखवली. दुधीएवढा असेल.

म्हणजे दर शुक्रवारी. मी दर शुक्रवारी सकाळी फोन लावायचे तेव्हा हे म्हणायचे, "जरा भायर आसंय, मगे करतंय." मी समजायचे बिचारे बाजारात असतील.

आता सगळं जुळतं. बॅचलर का म्हणायचं, तेही जुळतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. फैलका बेट.

कुवेतचा राष्ट्रीय सण आहे, चार-पाच दिवस सगळं बंद. इद्रीसने फैलका नावाच्या बेटावर खोल्या घेतल्या आहेत. मला वाटलं आम्ही चौघे. सालमियाच्या धक्क्यावर गेलो तर कॅमेरा गळ्यात घालून ती उभी.

असमा माझ्याच वयाची आहे, पन्नाशीची. मी मनात तिला तिशीची केली होती. उंच, सावळी, डोक्याला घट्ट रुमाल, पायात पुरुषी बूट. मला बघून म्हणाली, "अखेर वहिनी दिसल्या. पुंडलिकभाऊ किती सांगतात तुमच्याबद्दल." काय सांगतात ते मी विचारलं नाही. यांच्याकडे बघितलं तर हे समुद्राकडे बघत होते.

बोटीत तासभर तिघेजण एका कठड्याला लटकून होते. बोटीमागे कुरव पक्षी येत होते, पांढरे, लालसर चोचीचे. हे तुकडे टाकत होते, ती फोटो काढत होती, इद्रीस फोनमध्ये बघून इंग्रजी नावं सांगत होता. मी आणि नाझिया आत बसलो. नाझियाला बोट लागते. मला बोट लागत नाही, तरी मी आतच बसून राहिले.

बेटावर जुनी घरं दुरुस्त करून भाड्याने देतात. बाकीचं गाव तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या लढाईत उठलं ते परत वसलंच नाही, भिंतींना गोळ्यांची भोकं तशीच आहेत. एका भोकात चिमण्यांचं घरटं होतं. ते हे, इद्रीस आणि असमा पाऊण तास बघत उभे राहिले. चिमण्या आमच्या पडवीत किती आहेत. पंख्याच्या वाटीत घरटं केलं तर मी काठीने काढून टाकते.

संध्याकाळी किनाऱ्यावर चटई टाकून बसलो. पाणी ओसरलं होतं आणि चिखलात पक्षीच पक्षी. असमा हळूच म्हणाली, "भाऊ, तुमचा विसरलेला," आणि हे लगेच उठून बसले. तिने दुर्बीण यांच्या हातात दिली, यांनी बघून तिला परत दिली, तिने बघितलं. एकच दुर्बीण, एकाच्या डोळ्याची दुसऱ्याच्या डोळ्याला. मी चटईच्या काड्या उपटत होते. नाझियाने विचारलं, "भाबी, थंडी वाजते काय?" मी म्हटलं, नाही, उकडतंय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज माझी शोभा झाली. लिहायचंही जिवावर आलं आहे, पण लिहिते.

सकाळी सगळे किनाऱ्यावर चहा पीत होतो. नाझियाने असमाला विचारलं, "ईदला घरी जाणार काय?" असमा म्हणाली, "रजा कुठे मिळते. आम्हा बॅचलर लोकांना शेवटी विचारतात, फॅमिलीवाल्यांचा नंबर आधी. माझे मिस्टर तिकडे महाडला चिडून बसलेत."

मी कप खाली ठेवला. माझ्या तोंडून निघून गेलं, "नवरा असून तुम्ही पण बॅचलर?"

मग असमानेच समजावून सांगितलं. कुवेतमध्ये ज्याचं कुटुंब इथे नाही तो बॅचलर. नातवंडं असली तरी बॅचलर. त्यांच्या राहायच्या इमारती वेगळ्या, फॅमिलीच्या वेगळ्या. घर भाड्याने घेताना, बागेत शिरताना पहिला प्रश्न हाच. हारिससुद्धा तेच विचारत असतो. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, तुम्हाला काय वाटलं होतं?"

मला काय वाटलं होतं ते यांना एकदम कळलं. हे हसायला लागले. चहा नाकात गेला, खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसत होते. लग्नाला तीस वर्षं झाली, मी यांना असं हसताना पाहिलेलं नाही. माझ्यावर हसत होते म्हणून राग आला. आणि हे असं हसतात हे बाकीच्या तिघांना नवीन नव्हतं, म्हणून जास्त आला.

असमाबद्दल मनात जे होतं ते गेलं, हे कबूल. ती म्हणाली, तिचा नवरा पण फोनवर असाच खोदून खोदून विचारतो, शुक्रवारी कुठे होतीस, कोण होतं. हे ऐकून मला त्या न पाहिलेल्या महाडच्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

पण मग माझा जळफळाट अजून का थांबत नाही? बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं.

दुपारी मात्र माझा एक डाव लागला. खोलीपुढच्या अंगणात एक राखाडी-पांढरं पाखरू आलं, गळ्याखाली काळा डाग, शेपटी सारखी वरखाली. असमा कॅमेरा आणायला धावली. मी म्हटलं, "एवढं काय? परीट तो. आमच्या खळ्यात रोज येतो."

हे वळले. "आमच्या खळ्यात?"

"मग कोणाच्या? वाल सुकत घातले की माझ्या पायात पायात फिरता."

"माका कधी दिसलो नाय तो."

"तुमका कसो दिसतलो? तुमी मे म्हयन्यात येतास. तो दिवाळीक येता नि शिमगो झालो की जाता."

मग हे विचारतच राहिले. एकटा येतो की जोडीने? तुळशीवर बसतो की जमिनीवर? घाबरतो का? रात्री कुठे जातो? इतके प्रश्न यांनी मला सुयोगच्या जन्माच्या वेळीही विचारले नव्हते. असमाला काही माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं, त्यामुळे मी अगदी ऐटीत सांगत होते. नाही ते सुद्धा थोडं घातलं. शेवटी हे दुर्बीण मांडीवर ठेवून नुसते अंगणाकडे बघत बसले. तोंड उतरलं होतं. दिवसभर उन्हात फिरल्याने असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं संपलं. मी उगीच आले.

इद्रीस मासे भाजत होता. मजेत म्हणाला, "भाबी, काळजी करू नका, अजून दोन वर्षं आम्ही पुंडलिकभायला सांभाळतो. दोन वर्षं शुक्कार चालू आपले." मी हसले. हसून उठले आणि हे बसले होते तिथे पाण्याच्या कडेला गेले.

"मुदीराक हो सांगलास?"

हे दुर्बीण डोळ्यांवरून काढेनात. "तोंडान सांगलंय. सही रमजान झाल्यार."

"कधी सांगलास?"

"तू येवच्या आधी."

"आनि माका 'बघू, बघू' करीत रवलास."

मी मग थांबले नाही. वरची खोली काढली, स्लॅब काढला, आरामखुर्ची काढली, एकटीने काढलेले पावसाळे काढले, सुयोगची आजारपणं काढली, सासूबाईंचं शेवटचं वर्ष काढलं. पाणी चढत होतं, माझी साडी पोटरीपर्यंत भिजली, पण मी बोलतच होते. शेवटी हे म्हणाले,

"थय येवन मी करू काय?"

"करूचा काय? बसा. जल्मभर राबलास, आता बसा."

"बसतंय. दर मे म्हयन्यात बसतंच ना." मग म्हणाले, "गेल्या वर्षी कॅलेंडराचो खिळो पडललो. आठवता?"

मला कशाला आठवेल.

"मी हातोडी सोधलंय. माझ्याच घरात माका हातोडी गावाक नाय. तुका इचारलंय, तर तू म्हणालंस, तुमी ठेवा, मोरेश्वर येतलो सांजचो."

मोरेश्वर म्हणजे आमच्या वाडीतला वायरमन. घरातलं ठोकाठोकीचं, विजेचं सगळं तोच बघतो, मी हाक मारली की येतो.

"मगे? इलो ना तो?"

"इलो. मारून गेलो."

एवढं म्हणून यांनी दुर्बीण परत डोळ्यांना लावली. गोष्ट तेवढीच. मी म्हटलं, "एका खिळ्यासाठी दोन वर्षां?" समोर तो इसारलेलो पळत होता आणि थांबत होता.

मी नवरा परत मागते आहे आणि हा माणूस मला खिळा सांगतो. नाझियाला सांगितलं असतं तर तिलाही हसू आलं असतं. नाही सांगितलं. पाखरांपुढे मी हरले, हे कुणाला सांगण्यासारखं आहे का?

१ मार्च, शनिवार. अबू हलीफा.

काल परत आलो. आम्ही एकमेकांशी लागेल तेवढंच बोलतो. आज सकाळी यांनी चहा ठेवला, कप माझ्या हातात दिला आणि कामावर गेले. असमाने फोटो पाठवले. त्यातल्या एकातही मी नाही. परीट मात्र चांगला आला आहे.

आजपासून रोजे. नाझियाने दुपारपासून ओट्यावर भांडी मांडली. उपाशी पोटी ती पाच पदार्थ करणार आणि मी बाहेर कोचावर पाय वर घेऊन बसणार, हे मला बघवेना. आत गेले. म्हटलं, "भजी मी तळते."

"नको भाबी, तुमी बसा. तुमी पावण्या."

मी बसले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, खाली रस्त्याकडे बघितलं, नखं बघितली. किती दिवस झाले मी कांदा चिरलेला नाही. या घरात मीठ कुठल्या डब्यात आहे मला माहीत नाही. मी मेले तर या लोकांना वाईट वाटेल, पण अडणार कुणाचंच काही नाही. एकदम माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि का आलं ते कळेना, कारण कुणी वाईट वागलेलं नव्हतं. उलट सगळे माझ्यासाठी झिजत होते.

तेवढ्यात आतून नाझिया ओरडली, तिचा हात भाजला होता. मी धावत गेले, झारा तिच्या हातातून घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही. कांदाभजी, बटाटाभजी, मिरचीभजी. इद्रीसने रोजा सोडल्यावर पहिलं भजं तोंडात टाकून विचारलं, "आज काय येगळं हाय?" मला दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा भूक लागली. पुष्कळ जेवले.

हे माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "आज खुशीत आसंस."

मी म्हटलं, "काम मिळालं ना." म्हटलं आणि पुढचा घास हातातच राहिला. यांनी ताटात बघून जेवायला सुरुवात केली होती. रात्री मला झोप लागेना. तो कॅलेंडरचा खिळा डोक्यातून जाईना. मोरेश्वरने मारला तो थोडा तिरका आहे, हे मला आत्ता आठवलं.

१२ मार्च, बुधवार. विमानात.

शिमग्याला पोचायलाच हवं, पालखीच्या दिवशी आमच्या घरी सगळी वाडी जेवते. तसाही व्हिसा संपत आला होता.

विमानतळावर सोडायला हे एकटेच आले. इद्रीसने गाडी दिली होती. बाकावर बसलो. "पासपोर्ट आसा ना? पाणी घे." असं चाललं होतं. मध्येच असमाचा फोन आला. कुठे तरी गरुडासारखं काही तरी दिसलं होतं, हे फोनवर पाच मिनिटं बोलले, हात हलवून, उभे राहून. मी बाजूला पिशव्या धरून. म्हातारपणीही हा मत्सर जात नाही, काय करायचं? फोन ठेवून परत बसले आणि पुन्हा तेच, "पासपोर्ट आसा ना?"

मी समोर बघत म्हटलं, "विहिरीवरचो पंप जळलो."

"कधी?"

"झाले दिवस. माडांका पाणी नाय. कसलो घेवचो ता माका कळना."

हे माझ्याकडे वळून बसले. "मोटार जळली काय नुसतो कपॅसिटर गेलो?"

"माका काय म्हायत."

"विहीर किती हात?"

विहीर किती हात आहे, उन्हाळ्यात पाणी कुठल्या पायरीला जातं, पाइप किती इंची आहे, हे मला झोपेतही सांगता येईल. गेल्या वर्षी गाळ काढला तेव्हा मीच दोर धरून उभी होते. मी म्हटलं, "माका नाय सांगाक येवचा. कोण तरी मोजूक व्हया."

यांनी खिशातून पेन काढलं आणि पार्किंगच्या पावतीमागे विहीर काढली. विहिरीत पाणी काढलं, पाण्यात पंप काढला. वरचा पंप घेऊ नको, पाण्यातला घे. केबल स्वस्तातली घेतलीस तर दर महिन्याला रडशील. आपल्याकडे संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो, त्याला वेगळा स्टार्टर लागतो. शर्कमध्ये एका इमारतीत असाच घोळ झाला होता, तो कसा सापडला. चाळिसाव्या मजल्यावर पाणी कसं चढतं. मी मध्ये मध्ये चुकीचं काही तरी विचारत होते आणि हे "तसा न्हय गो" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. पेन घेतलेला हात हवेत वर गेला, पाण्यासारखा खाली आला. माझ्या विमानाची घोषणा झाली ती यांना ऐकू गेली नाही. मला गेली होती. मी उठले नाही.

"मोरेश्वराक हात लावूक दिव नको," हे शेवटी म्हणाले. "तो नुसत्यो वायरी जोडता. मी येतंय."

"कधी?"

"मे म्हयन्यात."

"नि मगे? परत हय?"

यांनी पावतीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मुदीराक सांगतंय, मेपर्यंतच रवतंय म्हणान. पंप बसवलो म्हणजे झाला नाय. तेच्यावर कोणाची तरी नजर व्हयी."

मी म्हटलं, "तुमी म्हणशात तसा." हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच म्हटलं असेन. मग पळत सुटले, कारण माझं नाव पुकारत होते.

आता खाली नुसता समुद्र आहे. पंप जळला हे खरंच आहे, पण तो जानेवारीत जळला. दुसऱ्याच दिवशी मी कणकवलीहून नवा आणून मोरेश्वरकडून बसवून घेतला, यांना कळवायचं डोक्यातही आलं नाही. पाण्यातलाच आहे, स्टार्टरसकट. उत्तम चालतो, माडांना भरपूर पाणी मिळतं. घरी पोचल्यावर पहिल्यांदा मोरेश्वरला गाठून तो काढायला लावायचा आणि गोठ्यात गोणपाटाखाली लपवायचा. त्याला कारण काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. मग मेपर्यंत सगळ्या माडांना कळशीने पाणी घालावं लागेल, आणि हातोडी यांच्या खोलीत नेऊन ठेवायची आहे.